यीस्टची वाढ आटोक्यात कशी ठेवायची: ओल, साखर आणि टाळायचे घरगुती प्रयोग

कॅन्डिडा हे यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, बहुतेकांच्या तोंडात, आतड्यात आणि त्वचेवर असतंच. अनेक स्त्रियांच्या योनिमार्गातही ते कसलाही त्रास न देता राहतं. त्यामुळे ते शरीरातून समूळ काढायचं, हे ध्येयच चुकीचं आहे. ओल साचली, रक्तातली साखर चढली किंवा अँटिबायोटिकमुळे उपकारक जिवाणू कमी झाले की त्याला वाढायला रान मोकळं मिळतं. ते कारण शोधून दूर करणं हाच खरा नैसर्गिक उपाय. एकदा जोर धरलेल्या संसर्गाला मात्र बहुतेक वेळा बुरशीविरोधी औषध लागतं. ते घेण्यात काही कमीपणा नाही.

आधी ते यीस्टच आहे ना, हे पाहा. सकाळी पाण्यात थुंकून तार दिसते का ते बघायची चाचणी निरर्थक आहे, कारण लाळ घट्ट असली तरी तसंच दिसतं. थकवा आणि पोट फुगणं एवढ्यावरूनही काही ठरत नाही. खूण जागेवर दिसायला हवी. जिभेवर किंवा गालाच्या आत पांढरे थर येतात, ते पुसले तर खाली लाल दिसतं. त्वचेच्या घडीत लालभडक पट्टा उठतो आणि त्याच्या कडेला सुटे लाल ठिपके असतात.

योनिमार्गात खाज, जळजळ आणि दह्याच्या कवड्यांसारखा पांढरा स्राव दिसतो, पण उग्र वास नसतो. इथेच सर्वात जास्त गफलत होते. माशासारखा वास येत असेल तर बहुधा जिवाणूंचं संतुलन बिघडलेलं असतं, आणि त्यावर यीस्टचं औषध चालत नाही. पीएच पट्टीची, म्हणजे आम्लता मोजणाऱ्या कागदी पट्टीची, मदत होते. ती योनीच्या आतल्या बाजूच्या भिंतीला काही सेकंद टेकवा आणि रंग ताबडतोब जुळवून पाहा. यीस्टच्या संसर्गात आकडा सहसा ४.५ च्या आतच राहतो. त्याहून वर गेला तर कारण दुसरं असण्याची शक्यता जास्त. पाळीचं रक्त किंवा वीर्य लागलं तर आकडा खोटा चढतो, म्हणून त्या दिवसांत तपासू नका. पट्टी फक्त दिशा दाखवते, पक्कं निदान स्राव तपासूनच होतं.

काळजी घ्यायची ती बाहेरून. बाहेरचा भाग कोमट पाण्याने धुवा. सुगंधी साबण आणि वाइप्स बंद करा. आत पाण्याची धार मारू नका, त्याने उपकारक लॅक्टोबॅसिलस जिवाणूच वाहून जातात. अंतर्वस्त्रं सुती आणि सैल असू द्या, रात्री शक्यतो नकोतच. घामाचे किंवा पोहण्याचे कपडे लगेच बदला. संसर्ग असताना अंतर्वस्त्रं ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवावीत. कापड तेवढं सोसत नसेल तर पूर्ण वाळवून गरम इस्त्री फिरवा.

आता नको ते प्रयोग. लसणाची पाकळी आत ठेवल्याने नाजूक त्वचा भाजते. टी ट्री तेल आणि व्हिनेगरनेही आग होते, आणि सुजलेल्या जागी मूळ त्रास कोणता हेच मग कळेनासं होतं. खोबरेल तेलाचा प्रयोगशाळेत परिणाम दिसतो, पण त्यावरून शरीरातला संसर्ग बरा होईल असं म्हणता येत नाही. शिवाय तेलामुळे लॅटेक्सचा कंडोम कमकुवत होतो. बोरिक ॲसिडच्या ६०० मिलिग्रॅमच्या योनीत ठेवायच्या कॅप्सूल हट्टी संसर्गात वापरतात, पण डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. त्या तोंडावाटे गेल्या तर विष आहेत आणि गरोदरपणात पूर्ण वर्ज्य.

त्वचेच्या घड्यांत, म्हणजे जांघा, काखा, स्तनांखाली आणि पोटाच्या वळीत, सगळा खेळ ओलीचा असतो. आंघोळीनंतर घडी हाताने उघडी धरा आणि टॉवेल न घासता टिपून घ्या. मग एक-दोन मिनिटं हेअर ड्रायरची थंड हवा हातभर अंतरावरून द्या. गरम हवेने घाम येतो आणि सगळं मुसळ केरात. घडीत मऊ सुती कापडाची पट्टी अशी ठेवा की तिचं एक टोक बाहेर राहील, म्हणजे ओल बाहेर ओढली जाईल. पट्टी दमट लागली की बदला. मलम लावायचं तर पातळ थर पुरे, जाड थराखाली त्वचा आणखी भिजते. खाज पटकन थांबवणारी, स्टिरॉइड मिसळलेली मलमं मनाने लावू नका. लाली दोन दिवसांत उतरते, पण बुरशी आतून पसरत राहते आणि पुढे ओळखूही येत नाही.

तोंडात त्रास असेल तर स्टिरॉइडचा इन्हेलर ओढल्यावर प्रत्येक वेळी खळखळून चूळ भरून थुंका. स्पेसर, म्हणजे इन्हेलरला जोडायची पोकळ नळी, वापरल्यास तोंडात कमी औषध बसतं. कवळी रात्री काढून, घासून, भिजत ठेवा. ती घालून झोपणाऱ्यांचा त्रास औषध घेऊनही परत परत येतो. अर्धा चमचा खाण्याचा सोडा ग्लासभर कोमट पाण्यात घालून दिवसातून दोन-तीन वेळा गुळण्या केल्या तर आराम पडतो.

आहाराबद्दल दावे फार, पुरावा थोडा. मधुमेह असेल तर साखर ताब्यात आणणं हा सर्वात मोठा उपाय आहे, आणि संसर्ग वारंवार होत असेल तर रक्तातली साखर तपासाच. लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या मधुमेहाच्या काही गोळ्यांनीही हा त्रास होतो. त्या स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना सांगा. पाव सोडायची गरज नाही, त्यातलं यीस्ट वेगळं असतं आणि भाजताना मरतं. बिनसाखरेचं दही रोज खायला हरकत नाही, पण त्याला औषध समजू नका. प्रोबायोटिक, म्हणजे उपकारक सूक्ष्मजीवांची पूरकं, घेताना त्यांतल्या काहींत असणारं सॅकरोमायसिस बौलार्डी हे स्वतःच यीस्ट आहे, हे लक्षात ठेवा. प्रतिकारशक्ती खूप कमी असलेल्यांनी किंवा मोठ्या शिरेत नळी असलेल्यांनी ते घेऊ नये.

गरोदरपण, ताप, ओटीपोटात दुखणं, गिळताना दुखणं, तान्हं बाळ किंवा वर्षात तीन वा जास्त वेळा उलटलेला संसर्ग, यांपैकी काहीही असेल तर घरी थांबू नका. स्राव किंवा खरवड तपासायला द्या आणि शक्यतो त्याआधी मलम लावू नका, नाहीतर बुरशी नमुन्यात सापडतच नाही.