कुत्र्या-मांजराचं पोट बिघडलंय? औषध देण्याआधी या चुका टाळा

कुत्र्याला जुलाब लागले किंवा मांजर दोन-तीनदा ओकलं की घरातला पहिला प्रश्न असतो, "याला काय देऊ?" त्याच्याही आधी पाहायला हवं ते नेमकं काय होतंय. धडधाकट, मोठ्या जनावराचं साधं पोट बिघडलं असेल तर ते बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत आपोआप ठिकाणावर येतं. खरे हाल होतात ते दोन कारणांनी. एक तर आपण घाईने भलतंच काही देतो, नाहीतर भयंकर दुखण्याला साधा पोटबिघाड समजून बसून राहतो.

घरच्या डब्यातली गोळी

ही चूक थेट जिवावर बेतू शकते, म्हणून ती आधी. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. हे औषध निकामी करून शरीराबाहेर टाकण्याची क्षमता मांजराच्या यकृतात फारच कमी असते. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होतात. जुलाब थांबवणारं लोपेरामाइड निरुपद्रवी वाटतं, पण कोलीसारख्या काही जातींच्या अनेक कुत्र्यांमध्ये जनुकीय दोष असतो आणि त्यामुळे ते थेट मेंदूपर्यंत पोहोचतं.

मागच्या वेळचं उरलेलं मेट्रोनिडाझोलही नको. साध्या जुलाबांना अँटिबायोटिक सहसा लागत नाही. उलट आतड्यातले उपयोगी जिवाणू त्याने मरतात आणि पोट सावरायला वेळ लागतो.

काहीतरी विषारी खाल्लं असेल म्हणून मिठाचं पाणी पाजून उलटी काढणं तर अजिबात नको. रक्तातलं सोडियम एकदम वाढून झटके येऊ शकतात. पोटात गेलेला पदार्थ ॲसिडसारखा जाळणारा असेल, तर वर येताना तो अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजतो.

सगळ्यांना सरसकट उपास

"दिवसभर काही देऊ नका, पोटाला आराम मिळेल" हा सल्ला अजून सर्रास दिला जातो. मोठ्या, एरवी ठणठणीत कुत्र्याला उलट्या होत असतील तर काही तास खाणं थांबवायला हरकत नाही. फक्त जुलाब असतील तर त्याचीही गरज नसते, कारण आतड्याचं अस्तर भरून यायला अन्न लागतंच.

पिल्लांची गोष्ट वेगळी. त्यांच्या अंगात साठा नसतो, उपाशी राहिली की रक्तातली साखर झपाट्याने उतरते. मांजराच्या बाबतीत तर उपास हा स्वतःच एक आजार घडवतो. काही दिवस पोटात अन्न गेलं नाही तर अंगातली चरबी यकृतात साचू लागते आणि यकृत काम सोडतं. लठ्ठ मांजरांना हा धोका जास्त. मांजराने २४ तास तोंडाला काही लावलं नसेल, तर "भूक लागली की खाईल" असं म्हणत थांबू नका.

खायला द्यायचं ते साधं: हाडं आणि कातडी काढून उकडलेलं चिकन, सोबत मऊ भात. मांजराने भात बाजूला केला तर नुसतं चिकन द्या. मीठ, तेल, मसाला काही नको. कांदा-लसूण तर चुकूनही नको, त्याने दोघांच्याही रक्तातल्या लाल पेशी फुटतात. एकदम ताटभर न देता दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं द्या. दूध मात्र टाळा. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना ते पचत नाही आणि जुलाब वाढतात.

पाण्याचा गोंधळ

उलटी झालेल्या कुत्र्यापुढे भरलेलं भांडं ठेवलं की तो घटाघटा पितो आणि सगळं बाहेर काढतो. ते पाहून काही जण पाणीच उचलून ठेवतात, हे त्याहून वाईट. थोडं थोडं पाणी दर अर्ध्या तासाने पुढे ठेवा. पिचकारीने जबरदस्तीने घशात ओतू नका, फुप्फुसात जाऊ शकतं.

अंगातलं पाणी कमी झालंय का, हे हिरड्या सांगतात. त्या ओल्या, गुळगुळीत लागायला हव्यात. बोटाने दाबून सोडल्यावर पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. हिरड्या चिकट, कोरड्या किंवा फिकट असतील तर घरगुती उपाय तिथेच थांबवा.

जे पोटाचं वाटतं पण तसं नसतं

बोका लिटर बॉक्समध्ये पुन्हा पुन्हा जाऊन कुंथतोय आणि काहीच होत नाहीये, की घरचे समजतात बद्धकोष्ठ झालं. बऱ्याचदा त्याची लघवी अडकलेली असते. ती मोकळी झाली नाही तर एक-दोन दिवसांत जीव जातो. सकाळची वाट पाहू नका, त्याच क्षणी घेऊन निघा.

खोल छातीचा मोठा कुत्रा कोरड्या ओकाऱ्या काढतोय, बाहेर काही पडत नाही, पोट फुगून टणक झालंय, तो अस्वस्थपणे येरझाऱ्या घालतोय, तर जठराला पीळ पडला असू शकतो. इथे हातात काही तासच असतात.

लस न झालेल्या पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब होत असतील, तर आधी पार्व्हो या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची शंका घ्या. आणि मांजराच्या तोंडातून किंवा गुदद्वारातून धागा लोंबताना दिसला तर ओढू नका. त्याचं दुसरं टोक आत अडकलेलं असेल, तर ओढल्याने आतडं कापलं जातं.

शीचा रंगही पाहा. शेवटी ताज्या रक्ताची एखादी रेघ, थोडी आव, हे मोठ्या आतड्याच्या सुजेत दिसतं. जनावर खेळत-खात असेल तर दिवसभर लक्ष ठेवून डॉक्टरांना विचारता येतं. डांबरासारखी काळी, चिकट शी म्हणजे पचनमार्गाच्या वरच्या भागात रक्तस्राव. तिथे थांबायचं नाही.

डॉक्टरकडे जाताना

शीचा ताजा नमुना स्वच्छ डबीत घ्या, उलटीचा फोटो काढा, कुरतडलेल्या वस्तूचं पाकीट बरोबर ठेवा. तुम्ही स्वतः काही औषध दिलं असेल तर संकोच न करता नाव आणि वेळ सांगा. पुढचं औषध त्यावर ठरतं.

शी घट्ट झाली की लगेच जुनं खाणं वाटीभर घालू नका. चिकन-भातात नेहमीचं खाणं थोडं मिसळून, पाच-सात दिवसांत प्रमाण वाढवत न्या. मध्येच पुन्हा पातळ झाली तर आदल्या दिवसाच्या प्रमाणावर परत या आणि तिथे दोन दिवस थांबा.