छोट्या लेथवर टूल हलतंय? आधी गिब बघा

पार्टिंग करताना, म्हणजे जॉब (लेथवर फिरणारा तुकडा) कापून वेगळा करताना, टूल थरथरतं, जॉबवर लाटा उठतात. अशा वेळी बरेच जण थेट बेअरिंगवर संशय घेतात. त्याआधी डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळी माप) बेडवर, म्हणजे लेथच्या लांब पायावर, बसवून टोक टूल पोस्टला लावा आणि टूल पोस्ट हाताने पुढे-मागे, वर-खाली दाबून बघा. काटा ०.०५ मिमीपेक्षा जास्त हलला, तर स्लाइड सैल आहे.

गिब म्हणजे स्लाइडच्या फटीत बसणारी, सैलपणा काढणारी पट्टी. तिच्या स्क्रूंचे लॉक नट सैल करा, पट्टी बाहेर काढा, केरोसीनने धुऊन तेल लावा. स्क्रूची टोकं पट्टीवरच्या खळग्यांत नीट बसलीत ना, हे जरूर बघा. खूप वेळा खरा दोष तिथेच असतो. मग स्क्रू थोडे थोडे आवळा. नट घट्ट करताना ॲलन की धरून ठेवा, नाहीतर स्क्रू सोबत फिरतो आणि सगळी मेहनत वाया.

सॅडलच्या (बेडवर लांबीने सरकणाऱ्या, टूल वाहणाऱ्या भागाच्या) बाबतीत एक अडचण येते. बेड चकजवळ (जॉब पकडतो त्या टोकाला) जास्त झिजतो. तिथे सैलपणा पूर्ण काढला, की टेलस्टॉककडे, म्हणजे बेडच्या दुसऱ्या टोकाला, सॅडल अडकतं. म्हणून कमी झिजलेल्या टोकाला मोकळं सरकेल एवढंच आवळा. उरलेली झीज स्क्रॅपिंग किंवा ग्राइंडिंगनेच जाते.

हँडल मोकळं फिरतं तो बॅकलॅश वेगळा. माप नेहमी एकाच दिशेने घेतलंत तर तो त्रास देत नाही. फारच वाढला तर क्रॉस स्लाइडचा (टूल आडवं सरकवणाऱ्या स्लाइडचा) पितळी नट बदला. पार्टिंगच्या वेळी कंपाउंड (क्रॉस स्लाइडवरची छोटी स्लाइड) आणि सॅडल दोन्ही लॉक करायला मात्र विसरू नका.