वाचनाची शीट: फोनवरच्या गुगल शीटवरून वर्गाचे गट कसे पाडायचे

सरल, यू-डायस ही शाळेच्या माहितीची सरकारी पोर्टलं भरून भरून डेटा म्हटलं की आपल्याला नको वाटतं, खरंय, पण तो डेटा वर जातो आणि मी सांगतेय तो आपल्याच वर्गात राहतो, म्हणून एकदा करून बघाच.

आधी चाचणी घ्या. 'प्रथम' या संस्थेची असर ही वाचन तपासायची चाचणी 2005 पासून गावोगाव वापरात आहे, तिचे वाचनाचे स्तर पाच: प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. एकेका पोराला शेजारी बसवून वाचायला लावा आणि उतारा पुस्तकातला नको हं, कारण धडा पाठ असतो. माझ्याकडची एक मुलगी धडा घडाघडा म्हणायची पण बोट भलत्याच ओळीवर, नवा उतारा दिला तर 'प्रकाश'पाशीच अडली.

आता शीट. लॅपटॉपवर बनवा, फोनवर भरा. नाव, इयत्ता, मग महिन्यांचे कॉलम, त्यात त्या त्या महिन्याचा स्तर, बास. आधार, जात काही टाकू नका आणि लिंक पालकांच्या ग्रुपवर अजिबात नको, कुणाचं पोर मागे आहे हे गावभर व्हायला नको. स्तरासाठी ड्रॉपडाऊन, म्हणजे ठरलेल्या यादीतून निवडायची सोय लावा, नाहीतर एकदा 'शब्द' एकदा 'शब्दस्तर' टाईप होतं आणि फिल्टर गंडतो. रेंज नसेल तर फाइल आधीच ऑफलाइनला टाकून ठेवा, रेंज आली की आपोआप सिंक होते.

मग फिल्टर लावून फक्त 'शब्द'वाली काढा, तिसरी असो नाहीतर पाचवी, रोज तासभर ती एका गटात बसली पाहिजेत, इयत्ता तेवढ्यापुरती विसरा. हे केलं नाही तर शीट भरून काही उपयोग नाही.

शेवटचा कॉलम शेऱ्याचा ठेवा, मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. "जोडाक्षर अडतं", "वेलांटी सोडतो", "घरी मराठी नाही" असं दोन शब्दांत लिहा. दोन महिने पोर त्याच स्तरावर राहिलं तर कुठे हात घालायचा ते तिथेच कळतं.

आणि दिवाळीच्या आसपास आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेल्या पोरांच्या ओळी डिलीट करू नका. ती परत आली की पहिल्याच दिवशी पुन्हा वाचून घ्या, जुन्या स्तराशी ताडून बघा आणि मगच गट ठरवा, उगाच परत अ आ इ पासून सुरू करू नका.