आधी शिरोरेषा बघा

बीएफएच्या, म्हणजे कलेच्या पदवीच्या, तिसऱ्या वर्षाला असताना मी मुंबईच्या फोर्टमधल्या एका इराणी हॉटेलचा फोटो काढला, मित्राचा प्रोजेक्टर आणला आणि तीन फुटी कॅनव्हासवर तो जसाच्या तसा गिरवून घेतला. रंगवायला दोन महिने लागले. सगळे म्हणाले, ‘अगदी फोटोच!’ मी खूश. सरांनी मात्र एवढंच विचारलं, “या काचेच्या आत काय आहे?” मला सांगता येईना. फोटोत काच काळी आली होती, म्हणून मीही काळा भरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे जाऊन उभा राहिलो. आत संगमरवरी टेबलं आणि बिस्किटांच्या बरण्या. त्यांच्यावरून सरकत जाणारी बेस्टची लाल बस, समोरच्या इमारतीच्या खिडक्या, आणि या सगळ्यात मी. इतकं सगळं त्या एका काचेत होतं. शहराचं फोटोसारखं हुबेहूब चित्र काढायला निघालेल्या प्रत्येकाला मी पहिलं हेच सांगतो: फोटो घरी न्या, पण जागेवर तासभर उभे राहा आणि सावल्यांमधले रंग वहीत लिहून आणा.

या वाटेवर ज्यांचं काम बारकाईने पाहावं ते रिचर्ड एस्टेस. जन्म 1932, अमेरिकेतल्या इलिनॉयमधला. शिकागोत शिकले, मग न्यूयॉर्कला आले आणि कितीतरी वर्षं मासिकांसाठी, जाहिरातींसाठी चित्रकाम करून पोट भरत स्वतःची चित्रं काढत राहिले. 1968 मध्ये त्यांचं पहिलं एकल प्रदर्शन झालं. त्यांचं 1967 चं ‘टेलिफोन बूथ्स’ हे चित्र माद्रिदच्या थिसेन-बोर्नेमिसा संग्रहालयात आहे. ओळीने फोन बूथ, त्यांच्या धातूवर आणि काचांवर तुटून पसरलेला रस्ता. एस्टेस एका जागेचे अनेक फोटो घेत, त्यातून हवं ते उचलत, नको ते गाळत आणि रेखाटन हाताने करत. आधी अ‍ॅक्रिलिक या लवकर वाळणाऱ्या रंगामध्ये मांडणी, वर तैलरंग. कुठल्याही एका फोटोत आतलं आणि काचेवरचं इतकं सारखं स्पष्ट दिसत नाही. ती स्पष्टता त्यांनी रचलेली आहे. हे कळल्यावर मी प्रोजेक्टर परत केला.

आता मोबाइलचं. मोबाइल वर करून फोटो काढला की इमारती मागे कलतात आणि कडेच्या वस्तू ताणल्या जातात. ते कलणं गिरवू नका. मागे सरका, मोबाइल सरळ धरा, थोडा झूम करा. उजेडासाठी एक आणि सावलीसाठी एक असे निदान दोन फोटो घ्या. आणि फोटो स्वतःच काढा. इंटरनेटवरचा फोटो दुसऱ्याचा असतो.

आपल्या शहरांत पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे सपाट कॅनव्हासवर अंतर आणि खोली दाखवणं, शिकायला दुकानांच्या पाट्यांइतकं चांगलं साधन मला मिळालेलं नाही. एका सरळ रस्त्यावरच्या पाट्यांच्या शिरोरेषा दूर जाताना नजरेच्या उंचीवर एकाच बिंदूकडे धावतात. तो बिंदू बहुतेक वेळा कॅनव्हासच्या बाहेर पडतो. मी भिंतीला खिळा ठोकून दोरा बांधतो आणि प्रत्येक शिरोरेषा त्या दोऱ्याला लावून तपासतो. एक जरी चुकली तरी पाटी निखळल्यासारखी दिसते. काचेत तर आणखी गंमत: काना अक्षराच्या आधी येतो, पहिली वेलांटी दुसरीसारखी दिसते. हात सवयीने सुलटं अक्षर काढायला जातो. अशा वेळी फोटो आणि कॅनव्हास दोन्हींची वरची बाजू खाली करा. मग अक्षर वाचता येत नाही, नुसता आकार दिसतो.

पावसाळ्याची काळजी घ्या. एका जुलैत मी दोन ओली चित्रं समोरासमोर टेकवून ठेवली. ती चिकटली, आणि मागच्या बाजूला बुरशी धरली. तीन महिन्यांचं काम गेलं. तेव्हापासून चित्रं भिंतीपासून हातभर लांब ठेवतो, खोलीत हवा खेळती ठेवतो, आणि तैलरंगात मिसळायचं जवसाचं तेल खालच्या थरात कमी, वरच्या थरात जास्त वापरतो. उलट केलं की पुढे भेगा पडतात.

पैशांचं स्पष्ट सांगतो. असं एक चित्र दोन-तीन महिने खातं, त्यामुळे सुरुवातीची काही वर्षं दुसरं काम हवंच. मी पुस्तकांची मुखपृष्ठं केली, आणि त्यानेच रेषा सुधारली. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनासाठी चित्र पाठवत राहा. ही संस्था 1888 पासूनची आहे. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत एकल प्रदर्शन करायचं मनात असेल तर अर्ज लवकर टाका, दालन मिळायला फार थांबावं लागतं. तोवर दर आठवड्याला तिथे जा आणि चित्राच्या अगदी जवळ जाऊन कडा बघा. कुठली कडा धारदार ठेवलीय, कुठली विरघळू दिलीय?

ते इराणी हॉटेल मी पुढे पुन्हा रंगवलं, पाच महिने लागले. काचेत आता बरण्या आहेत आणि बसही आहे. सर प्रदर्शनात आले, चित्रासमोर बराच वेळ थांबले आणि काचेतली उलटी पाटी हळूहळू वाचू लागले.