पाणथळ जागा सुधारतेय की बिघडतेय, हे कसं तपासावं

पक्षी मोजले, आकडा वाढला, म्हणजे अधिवास सुधारला, हे गणित नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर अभयारण्यात हमखास चुकतं. वारकरी (कूट) पक्ष्यांचा एक मोठा थवा उतरला की एकूण आकडा फुगतो. त्याच हिवाळ्यात काठावरचे तुतवार अर्ध्यावर आले असले तरी तो आकडा त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. दुर्बीण आहे, पक्षी ओळखता येतात आणि वनविभागाची परवानगी घेतली आहे, असं धरून पुढचं सांगतो.

चापडगाव, मांजरगाव अशा वेगवेगळ्या बाजूंना मिळून चार-पाच ठिकाणं ठरवा आणि ती बदलू नका.

प्रत्येक ठिकाणाहून त्याच दिशेला, त्याच उंचीवरून, झूम न करता फोटो काढा. चौकटीत मनोरा, विजेचा खांब असं न हलणारं काहीतरी हवं.

पक्ष्यांची नोंद खाण्याच्या पद्धतीप्रमाणे करा: चिखलात चोच खुपसणारे, उथळ पाण्यात चालणारे, डोकं बुडवून खाणारे, सूर मारणारे. एकूण बेरीज हवी तर शेवटी करा, पण तिच्यावरून निष्कर्ष काढू नका.

आता पाण्याची पातळी. सगळ्यांचं घोडं इथेच अडतं, माझंही बरेच दिवस अडलं होतं. हा निसर्गाच्या लहरीवर चालणारा तलाव नाही. गोदावरी आणि कादवाच्या संगमाजवळचा हा बंधारा, त्यातून गोदावरीचे डावा आणि उजवा तट कालवे निघतात. वर गंगापूर, दारणा ही धरणं. आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाळीपाळीने दिलं जाणारं पाणी, सुटलं किंवा खालच्या जायकवाडी धरणाला पाणी सोडलं की इथली पातळी बदलते. तळ गाळाने भरून इतका सपाट झालाय की पातळी जराशी चढली तरी काठचा चिखलपट्टा पार बुडतो. चिखल्या, तुतवार यांना बोटभर पाणी आणि ओला चिखल लागतो. थापट्या नि तलवार बदकांना साधारण वीतभर पाणी पुरतं. आदल्या दिवशी आवर्तन सुटलं असेल तर तुतवार दिसणार नाहीत, आणि तुम्ही वहीत ‘अधिवास खालावला’ लिहून मोकळे व्हाल.

‘दरवर्षी जानेवारीच्या त्याच आठवड्यात मोजा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. आशियाई पाणपक्षी गणना जानेवारीत होते, तिथे ते बरोबर आहे, कारण अनेक देशांत एकाच वेळी मोजायचं असतं. एका जागेचा दर्जा तपासताना मात्र तारखेला तारीख जुळवून काही हाती लागत नाही. पातळीला पातळी जुळवा. त्यासाठी पाण्यात स्वतःची पट्टी रोवू नका. गाळात ती खचते आणि अभयारण्यात काहीही ठोकायची मुभा नसते. घाटाची पायरी, पुलाचा खांब, एखादा पक्का दगड निवडा आणि पाणी तिथपासून किती खाली आहे ते दरवेळी सेंटिमीटरमध्ये लिहा. आवर्तन चालू आहे का, हे गावातल्या शेतकऱ्याला विचारा. कांद्याला पाणी कधी येणार हे त्याला पाठ असतं. हिवाळ्यात निदान महिन्यातून दोनदा गेलात तर दोन वर्षांतले सारख्या पातळीचे दिवस सापडतात. तुलना फक्त त्या दिवसांची करायची. पातळी तीच असूनही चिखलपट्टा अरुंद झाला असेल, तिथे पाणकणीस किंवा बेशरम माजली असेल, तर तो खरा बदल. पातळीची नोंद नसलेल्या फोटोंना मी पुरावा मानत नाही, कितीही सुंदर असोत.

जलपर्णीच्या बाबतीत एका फोटोवर विसंबू नका. वारा फिरला की अख्खा गालिचा या काठावरून त्या काठाला जातो, आणि मोठ्या पुरात बराचसा वाहून जातो. तिचं क्षेत्र सेंटिनेल-२ उपग्रहाच्या फुकट मिळणाऱ्या चित्रांवरून काढा. त्यात 10 मीटरपर्यंतचा तपशील दिसतो आणि साधारण 5 दिवसांनी नवं चित्र येतं. जलपर्णी आणि काठचं उभं पीक चित्रात सारखंच दिसतं, म्हणून पावसाळ्यानंतर तलाव भरलेला असताना पाण्याची हद्द एकदा आखून ठेवा आणि तिच्या आतलंच हिरवं मोजा. गाळाच्या बेटांवरचं गवतही त्यात धरलं जातं. ती बेटं मनोऱ्यावरून बघून वेगळी काढावी लागतात.