स्तनातल्या गाठीचा एमआरआय: या चुका टाळा

चोपडा, यावल, शिरपूरकडच्या बाया जळगाव-धुळ्याला सीडी आणि जाडजूड फाइल घेऊन येतात. मशीन दीड टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद) असो की तीनचं, आत चुका त्याच असतात.

माझा पहिला राग एडीसीवर काढलेल्या मोठ्या गोलाचा. एडीसी हा डिफ्युजनच्या चित्रांतून निघणारा आकडा; तो सांगतो, ऊतीत पाणी किती मोकळं फिरतंय. पेशींची दाटी असली की पाणी अडतं आणि आकडा उतरतो. घातक गाठीत तो बहुतेकदा ०.८ ते १.३ मध्ये असतो (एकक १०⁻³ मिमी²/सेकंद). पण गाठीचं पोट सडलेलं असेल तर तिथं पाणी मोकळं, आकडा चढलेला. नवी पोरं अख्ख्या गाठीवर आरओआय (मोजणीचा गोल) ओढतात, सरासरी काढतात आणि रिपोर्ट टाइप करायला बसतात.

अशीच एक फाइल आली होती. चाळिशीच्या ताई, गाठ गोल, कडा गुळगुळीत, एडीसी १.७. बाहेरच्या रिपोर्टात ‘फायब्रोअडिनोमा असावा, सहा महिन्यांनी तपासा’ (फायब्रोअडिनोमा म्हणजे साधी, कर्करोग नसलेली गाठ). घरच्यांनी केळीची कटाई उरकून बघू असं ठरवूनही टाकलं होतं. कॉन्ट्रास्टच्या (शिरेतून दिलेल्या, गाठ उजळवणाऱ्या औषधाच्या) चित्रांत मात्र गाठीभोवती जाड कडी उजळलेली, मधे काळं. टी-टूवर (पाणी पांढरं दाखवणाऱ्या चित्रांवर) तेच मधलं पांढरंफेक. त्याच सीडीवर नुसत्या कडीवर बारीक आरओआय ठेवला, तर ०.८५ च्या आसपास. बायोप्सीत ट्रिपल निगेटिव्ह (हार्मोनचे दोन आणि हर-टू हे तिन्ही रिसेप्टर नसलेला) कर्करोग निघाला. गोल, गुळगुळीत आणि टी-टूवर पांढरा, तो असाच फसवतो.

म्हणून मी आधी कॉन्ट्रास्ट बघते, उजळलेला घन भाग शोधते, मग त्यातलीच एडीसी नकाशावरची सगळ्यात काळी जागा धरते. पाणी, रक्त, चरबी, क्लिप (बायोप्सीच्या जागी ठेवलेली धातूची खूण) बाहेर. बी-८०० वर (डिफ्युजनच्या जोरकस चित्रावर) पांढरं आणि नकाशावरही पांढरं असेल तर ती टी-टूची चमक, अडलेलं पाणी नव्हे. आणि म्यूसिनस (चिकट द्रव भरलेल्या) कर्करोगाचा एडीसी उंचच असतो, तेव्हा एकट्या आकड्यावर कुणाला घरी धाडू नका.

दुसरा राग पाळीच्या तारखेचा. सातव्या ते चौदाव्या दिवसात तपासणी झाली तर निरोगी ऊती कमी उजळते. उशिरा केली तर दोन्ही स्तन ठिपक्याठिपक्यांनी पेटतात आणि आपण नसलेल्या गाठी मोजत बसतो. तारीख विचारली तर मावशी सांगतात, ‘मागच्या बाजाराच्या आधी’. मग गावचा बाजारवार विचारून कॅलेंडरवर बोट ठेवायचं, दोन मिनिटं लागतात. फॉर्मवर ‘लागू नाही’ लिहून मोकळं होणाऱ्यांना ती दोन मिनिटंही जड जातात. कर्करोग ठरलेलाच असेल तर मात्र पाळीसाठी उपचार अडवू नका.

कर्व्हवर (कॉन्ट्रास्टनं गाठ कशी उजळते-उतरते त्या रेषेवर) आंधळा भरवसा नको. पहिल्या दोन मिनिटांनंतर रेषा खाली आली की ‘घातक’ लिहायची घाई होते. स्तनातली साधी लसीका ग्रंथीही अशीच धुऊन निघते. तिचा चरबीचा देठ दिसतो का बघा. आकार आणि कडा आधी, कर्व्ह नंतर.

कॉन्ट्रास्ट हातानं ढकलू नका. पंपानं सेकंदाला २ मिली, मागून २० मिली सलाइन.

बाई पालथी झोपल्यावर स्तन कॉइलमध्ये (सिग्नल पकडणाऱ्या खोबणीत) मोकळा लोंबला पाहिजे. दुमडला की चित्रातला चरबीचा सिग्नल नीट दबत नाही आणि डिफ्युजन वाकडं येतं. ‘हालू नको वं माय’ हे मशीन सुरू व्हायच्या आधी सांगायचं. ती हलली की वजाबाकीच्या (कॉन्ट्रास्टनंतरच्यातून आधीचं वजा केलेल्या) चित्रात खोट्या कडा उगवतात.

स्पेक्ट्रोस्कोपीत (गाठीतली रसायनं आलेखावर दाखवणाऱ्या तपासणीत) ३.२ पीपीएमच्या जागी कोलीनचं (कर्करोगात वाढणाऱ्या रसायनाचं) शिखर दिसलं म्हणून हुरळू नका, नाही दिसलं म्हणून निर्धास्तही होऊ नका. छोट्या गाठीत ते हाती लागतच नाही.

सुई टोचून लगेच एमआरआयला पाठवणारेही आहेत. साकळलेलं रक्त टी-वनवर (ज्यावर कॉन्ट्रास्ट उजळ दिसतो त्या चित्रांवर) कॉन्ट्रास्टआधीच पांढरं असतं. कॉन्ट्रास्टआधीची मालिका न उघडता रिपोर्ट लिहिणाऱ्याला तेच गाठीचं उजळणं वाटतं.