रानकोंबडा बघायचाय? आधी आवाज ओळखा

नाशिकचे बरेच जण पक्षी बघायचे म्हटलं की गाडी काढून थेट नांदूरमध्यमेश्वर गाठतात, पण रानकोंबडा तिथे मिळायचा नाही, ते पाणपक्ष्यांचं ठिकाण. ह्याला झाडी लागते. इगतपुरी, त्र्यंबक, हरसूल, पेठ, सुरगाणा ह्या घाटाकडच्या पट्ट्यात जा, बांबू, करवंदाच्या जाळ्या आणि जंगलाला लागून नागली-वरईची शेतं असली की चान्स चांगला.

उजाडायच्या सुमाराला पोचा आणि नुसतं ऐका. गावठी कोंबडा आरवताना शेवटी लांब हेल काढतो, हा तसं करत नाही, तुटक तुटक कुक्-काया-काया-कुक असं ओरडून थांबतो. पाड्याजवळ दोन्ही आवाज एकदमच येतात म्हणून हा फरक डोक्यात पक्का पाहिजे.

दिसला तर आधी मान बघा. आपल्याकडचा हा करडा रानकोंबडा, मानेवरची लांब पिसं काळपट आणि त्यावर मेणाचे थेंब पडल्यासारखे पिवळट-पांढरे ठिपके, असे ठिपके गावठीला नसतात. अंग राखाडी, शेपूट काळी चकचकीत, खाली वाकलेली. पावसाळ्यात मात्र मानेची ही पिसं झडतात आणि नर अगदीच साधा दिसतो, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये नुसत्या मानेवर जाऊ नका. मादी वरून तपकिरी, छाती-पोट पांढरं आणि त्या प्रत्येक पिसाला गडद कड, ही खूण बघितली की शंका राहत नाही. लांबून चकोत्री ह्या दुसऱ्या रानपक्ष्याशी घोळ होतो, पण ती लहान, तांबूस, डोळ्याभोवती लाल कातडी आणि शेपूट आखूड.

सकाळ-संध्याकाळ रस्त्याच्या कडेला पाचोळा उकरत दाणे, किडे, वाळवी टिपतो, चाहूल लागली की आधी पळतो, अगदीच जवळ गेलात तर फडफडत उडतो. रात्री झाडावर बसतो. (आणि हो, कोंबडीच्या पिवळ्या कातडीचा जीन ह्याच्याकडून आलाय, 2008 च्या संशोधनात ते समजलं, म्हणजे लांबचा नातेवाईकच म्हणायचा.)

साधारण फेब्रुवारी ते मे विणीचा हंगाम, अंडी जमिनीवरच पाचोळ्यात असतात, तेव्हा वाट सोडून जाळीत घुसू नका आणि मोबाईलवर आवाज वाजवून बोलावणं तर नकोच. कोणी फासे लावलेले दिसले तर वनखात्याला कळवा, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे.